साखर निर्मूलनाचे नव्वद दिवस

११ जानेवारी

बाबांचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साडेसातच्या खाली आणा. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर एक-दोन ठिपके दिसताहेत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा उतरला नाही तर इंजेक्शनं सुरू, आणि डोळ्यांचं त्यांना काही सांगता येणार नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं एक भिंग. स्क्रू मोहरीपेक्षा लहान. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते एवढंच म्हणाले की, हल्ली स्क्रू डोळ्यांना नाही, बोटांनाच दिसतात. आणि हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक छापील कागद दिलाय. मी वाचला नाही. अर्ध्या पानाचा होता. अर्ध्या पानाने कुणाचं आयुष्य बदलत नसतं.

बाबांच्या डोळ्यांची जबाबदारी मी घेतली आहे. सहा वर्षं लेबलं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासते. खाण्याच्या पुड्यांवरची जी बारीक अक्षरं कुणीच वाचत नाही, ती वाचण्याचा मला पगार मिळतो. साखर किती नावांनी हिंडते हे मला पाठ आहे. या घरात आहारातलं कुणाला कळत असेल तर मला.

ही वही फक्त माझ्यासाठी. खोटं लिहायचं नाही.

१२ जानेवारी

सकाळी सहा. फडताळ रिकामं केलं. ऐवज असा: बिस्किटांचे अकरा पुडे (तीन उघडे), जॅमच्या दोन बाटल्या, सरबताची एक, केकचा डबा, गोळ्यांची बरणी, आणि आईने पाहुण्यांसाठी ठेवलेलं चॉकलेट, जे एकाही पाहुण्याने अजून पाहिलेलं नाही. सगळं टेबलावर मांडलं. बाबा तोंडाला फेस लावून दाढी करता करता डोकावले. म्हणाले, प्रदर्शन झकास आहे, तिकीट किती?

मी जाहीर केलं की यातलं काहीही उद्यापासून बाबांच्या नजरेला पडणार नाही. आई म्हणाली, बरं, मग हे जाणार कुठे?

प्रश्न रास्त आहे. कामावर जाऊन विचार करते.

संध्याकाळी साडेसात. विचार केला. मशीन चालू असताना चांगला होतो.

टाकून देता येणार नाही. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. मी सात वर्षांची असताना ताटातली कडू भाजी खिडकीतून टाकली होती. बाबा ओरडले नाहीत. दुकान बंद करून वर आले आणि रिकामं ताट पुढ्यात ठेवून चार वाजेपर्यंत माझ्यासमोर गप्प बसले. ओरडले असते तर मी केव्हाच विसरले असते.

दुकानदाराला परत देऊन पाहिलं. म्हणाला, ताई, आज उघडा पुडा घेतला तर उद्या लोक चावलेला पाव घेऊन येतील. जिना झाडणाऱ्या मावशींना द्यावं असं आईचं मत. पण जे आपल्या बापाला विष, ते दुसऱ्याच्या नातवंडांना खाऊ म्हणून कसं द्यायचं? आई म्हणाली, अगं, मावशी खूश होईल. मी म्हटलं, खूश होणं हे प्रकृती बरी असल्याचं लक्षण नाही. कुंडीत पुरावं तर मुंग्या, मुंग्यांमागून उंदीर. शिवाय सडणाऱ्या अन्नातून वायू निघतो आणि पृथ्वी तापते. एका फडताळापायी पृथ्वी?

सगळ्या वाटा तपासल्यावर एकच उरली. मी सत्तावीस वर्षांची, निरोगी. पचन उत्तम. सगळं माझ्या खोलीत हलवायचं आणि दिवसाला दोन बिस्किटं, एक चमचा जॅम, या शिस्तीने मीच संपवायचं. हे खाणं नव्हे, विल्हेवाट आहे. आवड-निवडीचा प्रश्नच नाही. वेगळी वही घातली आहे. नाव दिलं, ‘निर्मूलन वही’.

१४ जानेवारी

बाबांचा आहार ठरवला. तत्त्व असं की भाजी जवळची हवी, ट्रकने आलेली नको. चालत जाता येईल एवढ्या अंतरात एकच माणूस भाजी पिकवतो आणि तो लाल भोपळाच पिकवतो. पर्यावरणाच्या दृष्टीने भोपळा निष्कलंक आहे. सकाळी भोपळ्याचं सूप, दुपारी उकडलेला भोपळा, रात्री भोपळ्याचं सॅलड.

बाबांनी निमूट खाल्लं. म्हणाले, छान आहे, फक्त तिन्ही वेळा ओळख करून दिलीस तर बरं, कोण कोण आलंय ते कळेल.

निर्मूलन: दोन बिस्किटं, एक चमचा जॅम. काटेकोर.

१९ जानेवारी

भोपळ्याचा सहावा दिवस. आईने स्वतःपुरता वेगळा स्वयंपाक सुरू केला आहे. घराघरात क्रांती झाली की सुरुवातीला फूट पडतेच.

बाबा रात्री भात अर्धाच घेतात. रुसले असावेत. मी लक्ष दिलं नाही.

वेष्टनांचा प्रश्न सुटला. बिस्किटांचं वेष्टन माती पाचशे वर्षं खात नाही असं म्हणतात. कचऱ्यात टाकून मी पुढच्या वीस पिढ्यांना तोंड कसं दाखवू? तेव्हा पुडा संपला की वेष्टन धुवायचं, गॅलरीत दोरीवर वाळवायचं, गोणीत भरायचं. आज चार वाळत घातली. त्यातली दोन आमच्याच छापखान्याची निघाली. मजकूर निर्दोष होता. अभिमान वाटला आणि लगेच त्याची लाजही वाटली.

२४ जानेवारी

निर्मूलन वहीत एक पेच. पुड्यातलं एक बिस्किट तुटलेलं निघालं. आपलं मोजमाप अख्ख्या बिस्किटाचं. अर्धं लिहिलं तर बेरीज अवघड होते. नियम केला की तुटलेलं बिस्किट मोजायचं नाही.

२७ जानेवारी

आणखी एक नियम. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. उभ्याने माणूस खात नाही, तपासतो. माल मऊ पडला का, हे कुणीतरी बघायलाच हवं.

बिस्किटं हल्ली फार तुटतात. दर्जा घसरला आहे.

१ फेब्रुवारी

एका घरापुरतं सुधारून काय उपयोग? साखर काही फक्त आमचाच जिना चढत नाही. इमारतीच्या दारात चिठ्ठी लावली की, आज संध्याकाळी पाच वाजता जिन्यात जमून आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या विषयावर बोलायचं आहे. पाण्याचं असेल असं समजून तेवीस जण आले. पाण्याचं नाही म्हटल्यावर नऊ राहिले.

मी पंचवीस मिनिटं बोलले. लेबल कसं वाचायचं ते दाखवलं. आपल्या ताटातला एकेक घास शरीरात, शेजारात आणि शेवटी हवेत कसा जातो, ते सांगितलं. समोरच्या काकू अगदी पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं की त्यांना सर्दी आहे, पण विषय पोचला होता.

शेवटी कुणीतरी विचारलं, घरात भरून ठेवलेल्याचं काय करायचं? मी म्हटलं, टाकू नका. टाकणं हाही गुन्हाच.

टाळ्या पडल्या. बाबाही मागे उभे होते. त्यांनी वाजवल्या की नाही ते दिसलं नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर पाच पिशव्या. नऊपैकी पाच घरांनी फडताळं रिकामी केली. समोरच्या काकू म्हणाल्या, टाकायचं नाही म्हणालीस ना, मग आता तूच बघ बाई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काजूची बिस्किटं, नातवाचं चॉकलेट आणि एक अख्खा फ्रूट केक आणून दिला. म्हणाले, तुझ्यामुळे सुटलो.

समाज इतक्या लवकर बदलतो यावर माझा विश्वास नव्हता.

सगळं माझ्या पलंगाखाली ठेवलं. एकूण पुडे आता सत्तेचाळीस. दिवसाला दोन बिस्किटांच्या वेगाने हे दीड वर्ष पुरेल. तोवर बाबांना सुगावा लागणार नाही, ही खात्री कोण देणार? वेग वाढवावाच लागेल. बाबांच्या डोळ्यांसाठी एवढं तर केलंच पाहिजे.

६ फेब्रुवारी

छापखान्यात मालकांच्या मुलीचा वाढदिवस. अर्धा केक उरला. मशीनवाले काका डबा कचऱ्यात टाकायला निघाले, तेव्हा मी त्यांना वायूचं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, केकने पृथ्वी तापत असती तर थंडीत आम्ही शेकोटी कशाला पेटवली असती? चेष्टेवारी नेली. केक मी ताब्यात घेतला.

पृथ्वीच्या वतीने चार तुकडे. उभ्याने.

९ फेब्रुवारी

वजनकाट्याची बॅटरी उतरली आहे. तीन किलो जास्त दाखवतो. गंमत अशी की आई-बाबांचं बरोबर दाखवतो. माझंच चुकतं.

आईला कपडे गरम पाण्यात घालू नकोस असं सांगितलं. ती म्हणाली, घालतच नाही. मग माझेच कसे आटतात?

१५ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस. जसा झाला तसा लिहिते.

सकाळी पलंगाखालचा साठा मोजला. वहीप्रमाणे छत्तीस पुडे हवेत. बत्तीस निघाले. चार गायब. पुन्हा मोजले, बत्तीसच. आई गोड खात नाही. मी नियमाबाहेर जात नाही. घरात उरलं कोण?

दुपारी जेवताना विषय काढला. समोरच्या काकू वाटी परत करायला म्हणून आल्या होत्या आणि बसल्या होत्या, पण सत्याला साक्षीदार असलेला बरा. मी शांतपणे म्हटलं, बाबा, चार पुडे कमी आहेत, तुम्ही कबूल करा, मी रागावणार नाही.

बाबांचा चमचा ताटाच्या कडेला थांबला. त्यांना आधी कळलंच नाही. मी वही दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, भिंग नसल्याने लांब धरली, पानं उलटली आणि मिटून ठेवली. म्हणाले, मी तुला कधी खोटं बोलायला शिकवलं का?

हे उत्तर नव्हे. हा उलटप्रश्न झाला.

काकू म्हणाल्या, जाऊ दे गं, म्हातारपणी माणसाचं मन होतं. त्यावर बाबा उठले. ताट स्वतः धुतलं. रविवार असून खाली जाऊन दुकान उघडलं. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, चारचौघांत बापाला चोर ठरवलंस, जेव आता पोटभर.

भूक नव्हती. खोलीत जाऊन नुसतं एक बिस्किट... दोन. तुटलेली होती.

१८ फेब्रुवारी

बाबा माझ्याशी मोजकं बोलतात. हो. नाही. दिवा घालव. साडेपाचलाच दुकान बंद करतात आणि सातशिवाय घरी येत नाहीत. कुठे जातात ते आईला विचारलं. ती म्हणाली, त्यांचे त्यांना पाय आहेत.

इतकं उघड आहे की लिहायलाही नको. घरातला माल मी कुलूपबंद केला, म्हणून बाहेरची वाट धरली.

२१ फेब्रुवारी

पाळत ठेवली. अर्धा दिवस सुटी काढली. साडेपाचला बाबा निघाले, मी तीस पावलं मागे. औषधाच्या दुकानापर्यंत ठीक होतं. चढावर त्यांनी वेग घेतला आणि मी खांबाला धरून थांबले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत ते दिसेनासे झाले. साठीचा माणूस इतक्या वेगाने फक्त बेकरीकडेच जातो.

खांबाजवळ दम खाताना पिशवीतून एक पुडा निघाला. तो मोहिमेचा खर्च म्हणून धरला. वहीत घेतला नाही.

३ मार्च

छापखान्यात अनर्थ. हल्ली जेवणानंतर डोळे मिटू लागतात. एका बिस्किटाच्या वेष्टनाचं मुद्रित आलं होतं. समोर मोठ्या अक्षरात ‘पौष्टिक’. आतली यादी वाचून मला राहवलं नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं होतं. ते समासात पडलं नाही. शब्दाला चिकटून पडलं, आणि वर मीच सही केली.

मशीनवाल्या काकांच्या लक्षात येईस्तोवर सात हजार वेष्टनं छापून झाली होती. प्रत्येकावर ‘पौष्टिक?’

मालक खुर्चीत बसून ती एकामागून एक बघत होते, जणू एखाद्यावर तरी नसेल. म्हणाले, बाई, तुम्हाला शंका होती तर तोंडाने विचारायची, सात हजार वेळा छापून कशाला? काका मागून म्हणाले की साहेब, माझी बायको वीस वर्षं मला हेच चिन्ह लावून बघते. मालक हसले, म्हणून नोकरी वाचली.

सात हजार वेष्टनं भंगारात गेली. आजवर मी धुऊन गोणीत भरली एकोणतीस. हे गणित पुढे करत नाही. कामावरचं कामावर.

९ मार्च

समोरच्या काकूंकडे भाचेमंडळी येणार. त्यांनी दारातून विचारलं, माझा काजूचा पुडा आणि केक परत देतेस का, पोरांना द्यायला नको का काही? मी म्हटलं, त्यांची विल्हेवाट लागली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मधेच थांबून पाहिलं. म्हणाल्या, दिसतंय ते.

तत्त्वनिष्ठ माणसाला शेजार लाभत नाही.

काजूचा पुडा आणि केक त्यांचे नव्हतेच मुळी, ते आजोबांचे होते. हे सांगायचं राहिलं.

२० मार्च

बाबांनी आज जेवताना आईला सांगितलं, मला नव्हे, की एका बाईचं मनगटी घड्याळ आलं आहे, अगदी लहान, तिच्या आईच्या आठवणीचं, आणि त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाले, कुठेतरी स्क्रू निसटला तर शोधणार कसा? दुसरीकडे न्या म्हणून सांगितलं.

बाबांनी घड्याळ परत पाठवलं असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही.

त्यांना बेकरीपासून तोडण्याचा काहीतरी जालीम उपाय काढला पाहिजे. उद्यापासून भोपळा चार वेळा.

विचार करताना चॉकलेट संपलं. पाहुण्यांचं.

२ एप्रिल

पुढच्या शनिवारी तपासणी. बाबांना सुईची भीती वाटते, रक्त काढताना तोंड फिरवतात. मी ठरवलं की त्यांना धीर यावा म्हणून त्यांच्याआधी मीच रक्त देणार, त्याच तपासण्यांसाठी. शिस्तीने वागलेल्या शरीराचा आकडा कसा असतो तेही त्यांना शेजारी शेजारी बघायला मिळेल. आईला सांगितलं. ती म्हणाली, हो, तू दे बाई, तू नक्की दे.

५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना दाखवायला मोहिमेचा अहवाल करायला घेतला. आकडे अचूक हवेत म्हणून वहीबरोबर गोणीतली वेष्टनंही मोजली.

वहीप्रमाणे मी संपवलेले पुडे: एकतीस. गोणीतली वेष्टनं: अठ्ठेचाळीस.

पुन्हा मोजली. गॅलरीत पसरून दहा-दहाचे गठ्ठे केले. अठ्ठेचाळीस.

या घरात वेष्टनं धुऊन वाळत घालणारी मी एकटी आहे. बाबांनी पुडा खाल्ला असता तर त्याचं वेष्टन धुऊन, सुकवून, चौकोनी घडी घालून माझ्या गोणीत कशाला टाकलं असतं? घडी माझी आहे. कोपरे जुळवलेले.

दुपारभर बसून ते सतरा पुडे कुठे गेले असतील याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. तुटलेले. उभ्याने. मोहिमेचा खर्च.

पंधरा फेब्रुवारीला कमी भरले होते ते चारही त्यातच आले.

७ एप्रिल

दोन दिवस धीर झाला नाही. आज कामावरून परस्पर दुकानात गेले. बाबा एका भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र उघडून बसले होते. मोठं होतं, चाकं दिसण्यासारखी. दिव्याखाली डॉक्टरीणबाईंचा तो अर्ध्या पानाचा कागद उलगडून ठेवलेला. तिथे असेल हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं की निर्मूलन वहीत एक तांत्रिक त्रुटी आढळली आहे आणि त्या दृष्टीने पंधरा फेब्रुवारीचे निष्कर्ष फेरविचाराला घ्यावे लागतील.

बाबा भिंग न काढता म्हणाले, तांत्रिक त्रुटीच्या हनुवटीला जॅम लागलाय.

पुसला. आणि मग सरळ सांगितलं. ते पुडे मीच खाल्ले, बाबा.

ते म्हणाले, ठाऊक आहे. तुझ्या वहीच्या पानापानावर चुरा होता, त्या दिवशीच दिसला. एवढं मला अजून दिसतं.

मी विचारलं, मग काकूंसमोर बोलला का नाहीत? त्यांनी चाकावर तेलाचा थेंब सोडला आणि म्हणाले, तुला कुणाचा तरी संशय घेतल्याशिवाय चैन पडत नव्हतं. आईचा घेतला असतास तर स्वयंपाक बंद पडला असता. म्हटलं, माझ्यावर असू दे.

मला रडू आलं. बाबा म्हणाले, बाजूला होऊन रड, यंत्र उघडं आहे.

११ एप्रिल

रिपोर्ट हातात.

बाबा: सात पूर्णांक दोन. पडद्यावरचे ठिपके वाढलेले नाहीत. इंजेक्शन नको. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, हे जमवलंत कसं? मी अहवालाची फाइल उघडून भोपळ्यापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, मी त्यांना विचारतेय. बाबांनी खिशातून तो कागद काढला, घड्या पडून मऊ झालेला. गोळ्या वेळेवर. भात अर्धा. संध्याकाळी तासभर भरभर चालणं. मैदानाला फेऱ्या मारतात म्हणे, फेब्रुवारीपासून एकही दिवस चुकवला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हा भोपळा कशासाठी? बाबा म्हणाले, तो लेकीच्या प्रकृतीसाठी होता. मी खाल्ला की तिला बरं वाटायचं.

मग माझा कागद. सहा पूर्णांक एक. अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे, म्हणाल्या. मी विचारलं, नमुन्यांची अदलाबदल झाली नसेल ना? त्या म्हणाल्या, झाली असती तर तुमच्या वडिलांना मिशा नसत्या. हे मला नीट कळलं नाही, पण बाबा आणि त्या दोघं हसले. मी सांगितलं की काल दिवसभर मी काहीच गोड खाल्लेलं नाही. त्या म्हणाल्या, ही तपासणी कालचं नाही विचारत बाई, तीन महिन्यांचं विचारते.

जाताना मला एक छापील कागद दिला. अर्ध्या पानाचा. या वेळी वाचला. सात ओळी आहेत. चूक एकही नाही.

घरी आल्यावर पलंगाखालचं उरलेलं सगळं आईने एका पिशवीत भरलं, जिना झाडणाऱ्या मावशींना हाक मारली आणि म्हणाली, चांगलं असेल ते ने, नसेल ते टाक. दोन मिनिटं लागली. मावशी चार पुडे घेऊन गेल्या. म्हणाल्या, एवढंच? ताईंच्या खोलीत पोतंभर आहे असं सगळी इमारत म्हणत होती.

हे जाणार कुठे, हा मी नव्वद दिवस जपलेला प्रश्न होता.

१२ एप्रिल, संध्याकाळी सव्वासात

बाबांबरोबर मैदानावर गेले. पाच फेऱ्या ठरल्या होत्या. पहिली बरोबरीने झाली. दुसरीच्या अर्ध्यात मला बाकावर बसावं लागलं. बाबा म्हणाले, बस तू, मी आलोच.

ते तीन वेळा माझ्यासमोरून गेले. पहिल्यांदा हात केला. दुसऱ्यांदा ओळखच दाखवली नाही. तिसऱ्यांदा थांबले आणि परक्या माणसासारखं अदबीने विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय का? मी म्हटलं, वडिलांची. ते म्हणाले, येतील हं, वय झालंय, हळू चालत असतील. आणि भरभर पुढे गेले.

परत येताना ते म्हणाले की ते मनगटी घड्याळ उद्या मागवून घेणार आहेत. बघतो म्हणाले.

मला दम लागला कारण बूट चावत होते.

खोडते. बूट चावत नव्हते.